तिकिटाआधीचा प्रश्न

जगात कुठंही जा, पैसे दिले की रेल्वेचं तिकीट मिळतं. आमच्या कुंडखेड हॉल्टवर पैसेही द्यावे लागतात अन् उत्तरही. खिडकीच्या आत सिंधूताई गवई बसलेल्या असतात. चष्म्याच्या वरून बघतात आणि विचारतात, "कुठी?" आपण सांगतो, नांदुरा. त्या तिकीट काढतात, तारखेचा शिक्का मारतात, पण तिकीट काही बाहेर येत नाही. ते त्यांच्या बोटांत तसंच राहतं आणि दुसरा प्रश्न येतो, "काऊन?" म्हणजे, कशासाठी?

आता तुम्हीच सांगा, हा काय रेल्वेचा प्रश्न आहे? नांदुऱ्याला मी सासूला भेटायला जाईन नाहीतर पंप दुरुस्त करायला जाईन, गाडी तेवढीच हळू चालणार. पण सिंधूताईंना ते पटत नसे. "काम आहे" एवढं सांगून तर अजिबात भागत नसे. त्या म्हणत, काम तर सगळ्याइलेच असते, कोणतं ते सांगा. मागं रांग उभी, पुढं गाडीचा भोंगा, अन् मधात आपण शाळेतल्या पोरासारखे उत्तर शोधत उभे.

मी वामनराव खर्चे. गावच्या सोसायटीचा तीस वर्षं सचिव होतो, आता कपाशी अन् सोयाबीन बघतो. माझा स्वभाव तापट आहे हे मी लपवत नाही. मला कोणी विचारलेलं खपत नाही. घरातून निघताना कोणी "कुठं चालले" म्हटलं की मी चप्पल काढून पुन्हा ओसरीवर बसणारा माणूस. आपल्याकडे निघालेल्या माणसाला कुठं म्हणून विचारतच नाहीत, काम होत नाही म्हणतात. हे मी एकदा सिंधूताईंना खिडकीतून ऐकवलं. त्यावर त्या शांतपणे म्हणाल्या, की शकुन-अपशकुन त्यांच्या घरी कोणी मानत नाही. डॉक्टर सुटीवर असला की काम होत नाही, एवढं मात्र त्या मानतात. मग तिकीट बोटांत धरून पुन्हा विचारलं, काऊन.

सिंधूताईंची गोष्ट सांगायची तर आधी स्टेशनाची सांगावी लागते. कुंडखेडला स्टेशन काऊन झालं, हा प्रश्न मात्र त्यांनी कधी विचारला नाही. इंग्रजांच्या काळात आमच्या भागातला कापूस मुंबईला न्यायला ही लाइन टाकली. मलकापूर अन् शेगावच्या मधात कोळशाच्या इंजिनाला पाणी लागायचं, आणि आमच्या विहिरीला उन्हाळ्यातही पाणी असायचं. एवढंच कारण. माझे आजोबा छाती फुगवून सांगत, की साहेबाला कुंडखेडचं पाणी गोड लागलं म्हणून त्यानं स्टेशन बांधलं. इंजिनाला गोड-खारट कळतं का, हे त्यांना विचारायची कोणाची टाप नव्हती.

तेव्हा इथं स्टेशन मास्तर होता, कापसाच्या गाठी ठेवायला गोदाम होतं, गाडी सुटताना वाजवायला रुळाचा तुकडा टांगलेला होता. पिवळ्या पाटीवर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली होती, ती अजून आहे. आमच्या गावात रस्ता कच्चा, नळाला पाणी चार दिवसांनी, पण आपण समुद्रापासून किती उंचावर आहोत हे प्रत्येकाला पाठ. पुढं विजेची इंजिनं आली, त्यांना पाणी नको होतं. गोदाम बंद झालं, मास्तर गेला. स्टेशनाचं हॉल्ट झालं, म्हणजे गाडी मिनिटभर थांबणार आणि तिकिटं गावातलाच कोणी कमिशनवर विकणार.

हे कमिशनचं काम घ्यायला गावातलं कोणी तयार नव्हतं. सहदेव गवई तेव्हा याच लाइनवर गँगमन होता. त्यानं सांगितलं, माझी बायको मॅट्रिक आहे, ती बसेल. सिंधूताई संग्रामपूरकडच्या, नव्या-नव्या सून होऊन आलेल्या. गावातल्या बऱ्याच जणांनी नाकं मुरडली, त्यात आमचं घरही होतं. पण गाडी पकडायची तर खिडकी एकच. तहसीलदारापुढं मान न वाकवणारे माझे वडील त्या खिडकीपुढं वाकले, कारण ती खिडकी होतीच बुटकी, आणि भुसावळला मोतीबिंदू दाखवायला जातो म्हणून मुकाट्यानं सांगून आले.

याला आता तीस वर्षं होत आली. सहदेवभाऊ निवृत्त होऊन स्टेशनामागं घरच्या अंगणात वांगी-मिरच्या लावतात. ते दिवसाला मोजून चार-पाच वाक्यं बोलतात. घरी उत्तरं देऊन देऊन त्यांचे शब्द संपले असं गाव म्हणतं.

सिंधूताईंनी एकाचं दुसऱ्याला कधी सांगितलं नाही, हे मान्य केलं पाहिजे. पण मागची रांग काही बहिरी नव्हती. आमचे रामराव खामगावला कवळी बसवायला निघाले होते. खिडकीवर काम आहे, काम आहे म्हणत राहिले, शेवटी गाडी दिसली तसं घाईनं जोरात "दात" म्हणाले. ते संध्याकाळी दात लावून उतरले तोवर अख्खं गाव त्यांना हसवायला फलाटावर उभं होतं.

त्यात आणखी एक भानगड. ही बाई विकायच्या तिकिटाला नाही म्हणायची. मोताळ्याच्या कचेरीत जायला मलकापूरचं तिकीट मागितलं, की म्हणणार, आज सुटी आहे, काऊन चक्कर मारता, उद्या जा. दुकानदार गिऱ्हाइकाला परत पाठवतो हे तुम्ही कुठं पाहिलं आहे? एकदा एक सून भांडून माहेरी निघाली. तिला यांनी इतकं काऊन-काऊन विचारलं की ती सांगत बसली आणि गाडी निघून गेली. पुढची गाडी येईपर्यंत नवरा आला. मग त्यालाही तेच विचारलं, जरा वरच्या आवाजात.

लोक कंटाळले आणि त्यांनी पलीकडची वाट काढली. फलाटाच्या दुसऱ्या बाजूला बाभळीच्या आड उभं राहायचं, गाडी थांबली की रुळाच्या बाजूनं चढायचं. तिकीटही नको अन् उत्तरही नको. खोटं कशाला बोलू, मीही चढलो. साठीचा माणूस, पांढरं धोतर, एक पाय पायरीवर अन् एक खडीत. नांदुऱ्याला तिकीट तपासनिसानं पकडलं, तिकीट काऊन नाही म्हणून त्यानंही विचारलं. मी दंड भरला पण उत्तर दिलं नाही.

कोरोनात गाड्या बंद पडल्या त्या लय दिवस बंद राहिल्या. फलाटावर गवत वाढलं. सिंधूताई मात्र रोज सकाळी खिडकी उघडून झाडून घेत, विचारायला दुसरं कोणी नाही म्हणून सहदेवभाऊंना विचारत. मग जुनी पॅसेंजर गेली ती गेलीच, तिच्या जागी मेमू नावाची विजेची गाडी आली. सकाळी एक अकोल्याकडे अन् एक मलकापूरकडे, संध्याकाळी दोन्ही परत. आजूबाजूच्या दोन-तीन हॉल्टांचे थांबे गेले, आमचा कसाबसा राहिला.

गेल्या दिवाळीनंतर वरून एक साहेब आले. दिवसभर दगडी बाकावर बसले आणि त्यांनी चढणारी माणसं मोजली. बासष्ट. मग खिडकीवर येऊन तिकिटं विचारली. एकोणीस. साहेब काही रागावले नाहीत. तीन महिने बघू म्हणाले, विक्री वाढली नाही तर थांबा काढावा लागेल. थांबा गेला की खिडकी जाणार, आणि गावाला एसटीसाठी फाट्यापर्यंत पाच किलोमीटर चालावं लागणार. सिंधूताई त्या दिवशी पहिल्यांदा दुपारी जेवल्या नाहीत, असं सहदेवभाऊंनी सांगितलं. हे त्यांचं त्या दिवसाचं एकमेव वाक्य असावं.

गावानं स्टेशनाच्या लिंबाखाली बैठक भरवली. सिंधूताईंना बिचाऱ्यांना वाटत होतं, लोक पैशासाठी तिकीट चुकवतात. खरं कारण सगळ्यांना ठाऊक होतं, पण सांगायला कोणी पुढं होईना. रामराव दातांत काही अडकल्यासारखं करून दुसरीकडं बघू लागले. सगळे माझ्याकडं बघू लागले, कारण या गावात कडू बोलायचं काम माझ्याकडं आहे. मी उठलो.

"सिंधूताई, लोकांले पैसा जड नाही," मी म्हणालो. "तुमचं काऊन जड आहे. नुसतं तिकीट द्या, सगळे रांगेत येतील."

त्यांनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा घातला. कोणाकडं बघितलं नाही. "तीस साल झाले," त्या म्हणाल्या. "मंग आतापर्यंत मले कोणी सांगतलं काऊन नाही?"

तोंडातून शब्द गेला तसं त्यांच्या लक्षात आलं अन् त्यांनी ओठ मिटले. ते त्यांचं शेवटचं काऊन. दुसऱ्या दिवसापासून "कुठी" विचारायचं, शिक्का मारायचा, तिकीट सरकवायचं. पहिल्या आठवड्यात तर त्या तोंडात लवंग धरून बसत, म्हणजे जीभ गुंतून राहील. बाभळीच्या आडची माणसं हळूहळू खिडकीकडं आली. मीही आलो. तिकिटं खपू लागली, आणि मला माझ्या शहाणपणाचा अभिमान वाटू लागला.

पण आमचं गाव म्हणजे आमचं गाव. सुखानं राहील तर शपथ. महिना झाला नाही तोच कुरकुर सुरू. एक जण मलकापूरमार्गे मोताळ्याला गेला अन् कचेरी बंद पाहून दिवस घालवून आला. उतरल्या-उतरल्या तणतणत म्हणाला, बाईनं सांगितलं का नाही? रामरावांनी नातीच्या साखरपुड्यासाठी नवा कोट शिवला होता. तो घालून ते खिडकीवर आले, तिकीट मिळालं, तरी हलेनात. कोणी विचारेना, तेव्हा वळून रांगेलाच सांगू लागले. करिष्मा नावाची पोर पोलीस भरतीत निवडली गेली होती. हजर व्हायला निघाली त्या सकाळी ती खिडकीवर तिकीट हातात घेऊन कितीतरी वेळ तशीच उभी राहिली. सिंधूताईंनी नुसतं "पुढं चला" म्हटलं. पोरीचा चेहरा उतरला, पण नियम म्हणजे नियम. मी तेव्हा रांगेत होतो आणि मला हसू आलं होतं.

माझं हसू फार दिवस टिकलं नाही. जबड्याखाली एक गाठ आली होती. आधी वाटलं दात आहे. मी आयुष्यभर तंबाखू-सुपारीचा खर्रा खाल्लेला, त्यामुळं दुसरंही वाटत होतं, पण ते मनात येऊ देत नव्हतो. मलकापूरच्या डॉक्टरानं दोनदा दाबून पाहिलं अन् अकोल्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी दिली. सोबत कोणाला तरी न्या म्हणाला. मी घरी पुष्पाबाईला, म्हणजे माझ्या बायकोला, काही सांगितलं नाही. सांगायचं कसं ते मला येतच नव्हतं. अकोल्याला चाललो एवढंही न सांगता, पिशवीत चिठ्ठी टाकून मंगळवारी सकाळी स्टेशनावर आलो. तीन महिने संपायला तेव्हा पंधरा दिवस उरले होते.

रांगेत मागं दहा-बारा माणसं होती. सिंधूताईंनी विचारलं, कुठी. मी अकोला म्हणालो. त्यांनी तिकीट काढलं, शिक्का मारला, माझ्याकडं एकदा बघितलं अन् तिकीट सरकवलं. मी ते उचललं.

आणि मला पुढं जाता येईना. भीती वाटत होती. खरं सांगतो, लय भीती वाटत होती, आणि गेले कितीतरी दिवस ती मी एकटाच घेऊन फिरत होतो. मला वाटत होतं या बाईनं आता विचारावं. गावातल्या कवळ्या, भांडणं, मोतीबिंदू सगळं जिनं विचारून घेतलं, तिनं आज एवढं एक विचारावं. तिच्या ओठांवर ते आलं होतं, मला दिसत होतं. पण तिनं ओठ घट्ट मिटून धरले होते, कारण भर बैठकीत उभं राहून मीच तसं सांगितलं होतं. मागून कोणीतरी सरका म्हणालं. लांब सिग्नलपाशी गाडी दिसू लागली.

"सिंधूताई," मी म्हणालो, "विचारा ना."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "काऊन जाऊन राह्यले, वामनभाऊ?"

मी सांगितलं. हळू सांगायचं म्हटलं होतं पण आवाज मोठाच आला. गाठ, चिठ्ठी, खर्रा, सगळं सांगितलं. रामराव पाटीवरची समुद्रसपाटीची उंची वाचू लागले, जणू ती आजच लिहिली होती.

सिंधूताईंनी विचारलं, सोबत कोण आहे. मी म्हणालो, कोणी नाही. पुष्पाबाईले सांगतलं का? मी नाही म्हणून मान हलवली. त्यांनी दुसरं काही बोलायच्या आधी अजून एक अकोल्याचं तिकीट काढलं, शिक्का मारला, आणि मागच्या दाराकडं तोंड करून हाक मारली. सहदेवभाऊ हातातली मिरचीची परडी तशीच ठेवून, शर्टाची बटणं लावत आले. काही विचारलं नाही. तिकीट घेतलं अन् माझ्या शेजारी येऊन उभे राहिले.

अकोल्यापर्यंत दीड तास. सहदेवभाऊ खिडकीबाहेर बघत बसले. शेगाव गेल्यावर एकदाच बोलले, की अडीच महिने ती गावाचं सगळं काऊन घरी आणून त्यांनाच विचारत होती, आता थोडं हलकं होईल. दवाखान्यात मात्र ते दिवसभर माझी पिशवी मांडीवर घेऊन बसले. डॉक्टरांनी गाठीचा तुकडा तपासायला घेतला आणि पुढच्या मंगळवारी घरच्या माणसाला घेऊन या म्हणून सांगितलं. त्या वेळी सहदेवभाऊंनी माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि तो गाडीत बसेपर्यंत काढला नाही. याच माणसाच्या घरच्या बाईला खिडकीवर बसवलं म्हणून आमच्या घरानं नाकं मुरडली होती. मला त्याची लाज वाटली.

संध्याकाळी उतरलो तेव्हा खिडकी बंद झाली होती, तरी सिंधूताई फलाटावर उभ्या होत्या. डॉक्टर काय म्हणे, ते सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, घरी जाऊन सांगा, नाहीतर उद्या मी पुष्पाबाईले विचारीन.

घरी पुष्पाबाई ओसरीवर भाजी निवडत होती. मी बाजेवर बसलो आणि एका दमात सांगून टाकलं. तिचे हात थांबले नाहीत. मेथीची काडी तोडत ती म्हणाली, की गाठ तिला पोळ्यापासून दिसत होती. मी दाढी करायला मान वर करतो तेव्हा दिसायची.

मी चिडलो. स्वभाव. "मंग मले विचारलं काऊन नाही?"

तिनं तेव्हा वर बघितलं. डोळे भरलेले होते, पण आवाज साधाच होता. "तुमाले विचारलेलं चालते का?"

चाळीस वर्षांच्या संसारात मी तिला गप्प केलं असं मला वाटायचं. खरं तर तिनं मला तसंच एकटं सोडून दिलं होतं, कारण मीच तसं मागून घेतलं होतं. मी उठून तिच्याशेजारी खाली बसलो आणि मेथी निवडू लागलो. मला ती निवडता येत नाही, देठंच जास्त गेली असतील.

थांबा राहिला, हे सांगायचं राहूनच गेलं. महिन्यानं तसा कागद आला. सिंधूताई पुन्हा विचारू लागल्या आहेत आणि बाभळीच्या आड कोणी जात नाही. गाव म्हणतं, न विचारणारी बाई त्याहून वाईट होती. गाठ चांगली निघाली नाही, पण वेळेत आलात असं डॉक्टर म्हणतात, आणि दर मंगळवारी आमची अकोल्याची फेरी असते.

पुष्पाबाई सोबत आली त्या पहिल्या फेरीची गोष्ट. खिडकीवर मी म्हणालो, दोन, अकोला. तिकिटं सिंधूताईंच्या बोटांत थांबली, त्यांनी काऊन विचारलं. मी तोंड उघडायच्या आत पुष्पाबाई पुढं झाली. पोळ्यापासून सुरू केलं. दाढी, गाठ, माझं न जेवणं, माझं उगीच गड्यावर ओरडणं, सगळं सांगत राहिली. गाडी आली तरी तिचं संपलं नव्हतं. मागची रांग मन लावून ऐकत होती. मी बाजूला पिशवी धरून उभा होतो आणि मी तिला थांबवलं नाही.